साठ बाटल्यांची भवानी

१

शुक्रवारी सकाळी चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या एका काचेच्या इमारतीतून, चौथ्या मजल्यावरून, साठ बाटल्या नाहीशा झाल्या. त्या बाटल्या तिथे कधी नव्हत्याच, ही गोष्ट वेगळी. त्या होत्या समुद्रापलीकडे, ॲडलेडच्या गोदामात. चौथ्या मजल्यावर पाण्याच्या कॅनखेरीज कुठलाच द्रव पदार्थ नसे, आणि तोही दुपारपर्यंत संपे.

'वॉम्बॅट अँड वाईन' या कंपनीचा धंदा थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियातल्या लहान लहान मळ्यांत निघणारी उंची वाईन, ऑस्ट्रेलियातल्याच लोकांना, चेन्नईत बसून ऑनलाइन विकायची. चेन्नईतल्या माणसाला ती विकायची सोय नव्हती. इथे दारू सरकार विकतं, आणि सरकारला स्पर्धा आवडत नाही. त्यामुळे चौथ्या मजल्यावरची चार माणसं थेंबही न चाखता रोज वाईनचे गोडवे गात. लग्न न झालेल्या माणसानं विवाहमंडळ चालवावं, तसा प्रकार.

या चौघांची प्रमुख अर्चना कोठावळे. ती नाशिकची. मुलाखतीत मालकानं तिला एवढंच विचारलं होतं, "नाशिकची? वा! म्हणजे द्राक्षं रक्तातच असणार." अर्चनाच्या घरी द्राक्षं फक्त फळ म्हणून येत, आणि सर्दी होते म्हणून तीही तिला मिळत नसत. पण नोकरी मिळत असताना माणूस रक्ताची तपासणी करत बसत नाही.

शुक्रवारची विक्री मोठी होती. 'विडो हॉबडे' नावाची शिराझ. हॉबडेबाई ही खरीच विधवा. नवऱ्यामागे ती एकटी डोंगरउतारावरचा मळा सांभाळी आणि वर्षाला मोजकी पिंपं काढी. तिच्या अटी दोनच: भाव मी ठरवीन तो, आणि एका घराला दोनच बाटल्या. दलालांचा तिला मनस्वी तिटकारा. म्हणून वेबसाइटवर 'दोनच बाटल्या' असं कुलूप लावलेलं असे, आणि त्याची किल्ली ॲडलेडला राहणाऱ्या मालकानं, उन्मेष आरवाडेनं, स्वतःकडे ठेवली होती. चेन्नईच्या पोरांनी ओळखीपाळखीत ढिलाई करू नये म्हणून.

विक्री साडेदहाला उघडायची होती. तिकडे दुपारचे साडेतीन. हजारो लोक पडद्याला डोळे लावून बसलेले. साडेदहा वाजले, दार उघडलं, आणि सगळ्यांना एकच शब्द दिसला: 'संपली'.

साठच्या साठ बाटल्या एकाच माणसानं घेतल्या होत्या. नाव वॉरन पाईक. तासाभरात तो गाडी घेऊन गोदामावर आला आणि खोकी घेऊन गेलासुद्धा. संध्याकाळी त्याच बाटल्या दुसऱ्या एका वेबसाइटवर पाचपट भावानं झळकल्या.

"अर्चना," उन्मेषचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज शांत होता. सांगलीचा माणूस शांत बोलायला लागला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं. "दार वेळेच्या आधी उघडलंय. तुझ्या लॉगिननं. कुलूप साडेदहाला लागणार होतं. तू त्याच्या आधीच दार उघडलंस, पाईक आत शिरला आणि घर धुऊन घेऊन गेला."

"सर, मी नाही उघडलं! त्या वेळी मी तुमच्याशीच फोनवर बोलत होते. ऑफिसच्या खुर्च्यांबद्दल."

"एका हातात फोन, एका हातात माऊस. बायकांना दोन कामं एकदम जमतात म्हणे."

"सर!"

"हॉबडेबाई खवळली आहे. मी तिला सांगितलंय, चेन्नईच्या मॅनेजरनं घोटाळा केला. सोमवारी सकाळपर्यंत कुणी केलं ते सांग. नाही सांगितलंस, तर तूच केलंस असं धरून मी सगळीकडे कळवणार. या धंद्यात तुला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

फोन बंद झाला. अर्चनानं मान वर केली. समोर तिघं बसले होते, आणि तिघंही अशा एकाग्रतेनं काम करत होते की जन्मात कधी केलं नसेल.

२

अर्चना तिरुवान्मियूरला विशालाक्षी राव यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राही. विशालाक्षीअक्का बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या. त्या शाखेत येणार असं कळलं की मॅनेजर रजेचा अर्ज टाकी, अशी त्यांची ख्याती. घराणं तंजावूरचं. त्या बोलत ती मराठी तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेली, वर तमिळचा हेल. अर्चनाला पहिले दोन महिने वाटत होतं, या बाई आपल्याशी एखाद्या जुन्या बखरीतून बोलतात.

"अगे, जिन्यात बसून कशास रडतेस?" अक्का म्हणाल्या. "वर बसून रड की. इथें डास आहेत."

कॉफी झाली. अर्चनानं सगळं सांगितलं. अक्कांनी मधे एकदाच थांबवलं.

"तुझा पासवर्ड कोणास ठाऊक?"

अर्चना चाचरली. "तसा... सगळ्यांनाच. नाशिक, एक, दोन, तीन."

"अय्यो," अक्का म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर व्यथा उमटली. "घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखालीं. बरें. तुझ्यावर आळ घालणें सोपें, हें ज्याला ठाऊक तो जवळचा. उद्या त्या तिघांस बोलाव. मी येते."

"अक्का, तुम्ही? पण तिथे सगळं वाईनचं..."

"वाईन तिथें आहे?"

"नाही."

"मग झालें तर. चोरी कशाची, यास मोल नाही गे. तीस वर्षें मी दुसऱ्यांचे पैसे तपासले. मला कुठें मिळाले?"

३

शनिवारी अक्का कांजीवरम नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर आल्या. रिकाम्या ऑफिसात त्यांनी सर्वांत मोडकी खुर्ची निवडली. समोरचा माणूस आपल्याला केविलवाणं समजतो, मग जास्त बोलतो, असं त्यांचं जुनं तंत्र.

पहिला शार्दूल. पुण्याचा. वाईनची वर्णनं लिहिणारा.

"ही वर्णनं तुम्ही लिहितां?" अक्कांनी पडद्याकडे बोट केलं. "'ओल्या दगडाचा, जुन्या चामड्याचा आणि आलुबुखाराचा गंध.' दगड आणि चामडें लोक विकत घेतात?"

"ती एक परिभाषा आहे, आजी," शार्दूल समजूत घालत म्हणाला. "मी याचा रीतसर कोर्स केलाय."

"चाखून?"

"ऑनलाइन."

"सरी, बरें. शुक्रवारी सकाळीं तुम्ही बाहेर जिन्यांत फोनवर होतां. कोणाशी?"

शार्दूलचा आलुबुखार झाला. "ते... खासगी होतं."

"ज्या वेबसाइटवर बाटल्या पाचपट भावानें लागल्या, तीच मंडळी?"

अर्चना दचकली. अक्कांनी हा खडा नुसता अंधारात मारला होता, पण तो लागला. शार्दूलनं अर्चनाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मी नोकरी मागत होतो त्यांच्याकडे," तो पुटपुटला. "तीन आठवडे मागतोय. ते म्हणाले, तुमच्या लिखाणात दगड फार आहेत."

"नाकारलें?"

"हो."

अक्कांनी मान डोलावली. चोरीचा माल ज्यांना नेऊन दिला, ते निदान नोकरी तरी देतात. पण अर्चनाला एवढं दिसलं की जो माणूस तिच्यासमोर रोज डबा खातो, तो तीन आठवडे दुसरं ताट शोधतोय. त्या क्षणापासून तिला कुणाचाच भरवसा वाटेना.

दुसरी देविका. गिऱ्हाइकांशी चॅटवर बोलायचं काम तिचं. वाढलेली चेन्नईतच. मराठी बोलताना दर चार शब्दांनी ती इंग्रजीत जाऊन श्वास घेऊन येई.

"मी कुणाला काही टिप दिली नाही, आंटी, प्रॉमिस. फक्त एका आजोबांना सांगितलं, रेडी राहा म्हणून."

"म्हणजे दिली!" अर्चना उसळली.

"अगं पर्थचे आहेत ते! एकटे असतात. रोज मला त्यांच्या मांजराचा फोटो पाठवतात. त्यांना एकही बाटली मिळाली नाही. काय काय बोलले मला. मांजरसुद्धा नाही पाठवलं काल."

"काय बोलले?" अक्कांनी विचारलं.

"म्हणाले, 'तुमच्या शुक्रवारच्या घड्याळाला नेहमी घाई असते, हे मला माहीत होतं, म्हणून मी आधीच येऊन बसलो होतो. पण या वेळी दार उघडलं आणि लगेच सगळं साफ.'"

अक्कांचा हात पिशवीवर थांबला.

"शुक्रवारच्या. नेहमी?"

"हो. ते म्हणतात, मंगळवारची सेल असली की वेळेवर, आणि शुक्रवारची असली की जराशी आधी. मला वाटलं, म्हातारे आहेत, काहीतरी बोलतात."

अक्कांनी पिशवीचे बंद आवळले. अर्चना मात्र मनात मागचे शुक्रवार मोजू लागली. म्हणजे हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. तिच्या नावानं, तिच्या नाकाखाली, कुणीतरी दर शुक्रवारी दार उघडत होतं.

तिसरा श्रीहरी. वेबसाइटचं तंत्र तोच सांभाळी. अक्कांच्याच समाजातला, कपाळावर गोपीचंदन, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू आत्ताच कुणाचं तरी कन्यादान उरकून आलाय. त्याच्या टेबलामागे भिंतीवर रोज एक पान फाडायचं जाडजूड तमिळ कॅलेंडर लटकलेलं.

"श्रीहरी, साठ बाटल्या गेल्या, तुला काळजी नाही?" अर्चनानं विचारलं.

"गेल्या म्हणजे विकल्या गेल्या ना, मॅडम? सगळ्या? पूर्ण भावानें?" तो म्हणाला. "दुकानदार माल राहिला तर रडतो. आपण माल गेला म्हणून रडतों. हें मला नवें आहे."

"दार तू उघडलंस?"

"दार साडेदहाला उघडतें, मॅडम."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "उद्या माझ्याकडे जेवायास ये. डांगर सांबार करते."

श्रीहरीच्या चेहऱ्यावरचं समाधान पहिल्यांदा हललं. परतताना अर्चनानं ऑटोत विचारलं, "त्याला जेवायला कशाला? त्यानं तर उत्तरच दिलं नाही!"

"म्हणून तर. तिघांत खोटें न बोलणारा तोच एक. मी विचारलें असतें 'तू उघडलेंस कां', तर 'हो' म्हणाला असता की 'नाही'?"

"पण मी तेच तर विचारलं!"

"आणि त्याने तुला घड्याळ सांगितलें," अक्का म्हणाल्या. "अर्चने, शुक्रवारीं साडेदहाला काय लागतें?"

"सेल."

"त्याशिवाय?"

"उन्मेषसरांचा फोन."

अक्कांनी नाशिकच्या एकूण शिक्षणपद्धतीविषयी एक उसासा सोडला.

"राहुकाळ," त्या म्हणाल्या.

४

"तुमच्याकडे नाही पाळत?" रविवारी पानावर बसलेल्या श्रीहरीनं अर्चनाला विचारलं. कबुली दिल्यावर त्याची भूक वाढली होती. "शुक्रवारी साडेदहा ते बारा. मंगळवारी तो दुपारीं असतो, म्हणून मंगळवारची सकाळची विक्री वेळेवर. पण शुक्रवार? ऐन राहुकाळ लागतांना नवी विक्री उघडायची? आमच्या घरीं त्या वेळांत कोणी नवी पेन्सिलसुद्धा तासत नाही."

"मग मला सांगायचंस ना! वेळ बदलली असती."

"कसा सांगणार? आयुधपूजेला, म्हणजे तुमच्या खंडेनवमीला, मी कापूर लावला, धुराची घंटा वाजली, अख्खी इमारत खालीं आली. तेव्हां तुम्हीच मेल काढलात की ऑफिसांत धार्मिक कांहीं नको." तो खाली मान घालून भात कालवू लागला. "शार्दूल सहा महिने मला 'कापूर सर' म्हणतो."

म्हणून तो गुपचूप करी. दर शुक्रवारी राहुकाळ लागायच्या थोडं आधी अर्चनाच्या लॉगिननं दार किलकिलं करी, म्हणजे विक्रीचा आरंभ शुभवेळेत होई. लोक यायचे ते साडेदहालाच, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. पर्थच्या एका म्हाताऱ्याखेरीज.

"नुसतें दार उघडून आरंभ होतो?" अक्कांनी तूप वाढत विचारलं. "बोणी कोण करतो?"

"बोणी?" अर्चनानं विचारलं.

"पहिली विक्री गे."

"ओह, भवानी! आमच्याकडे भवानी म्हणतात."

"ती ज्याच्या त्याच्या हातून करवत नाहींत," अक्का म्हणाल्या. "हात लाभणारा लागतो. 'कैराशी' म्हणतात इथें. चांगल्या हाताचें गिऱ्हाईक पहाटे दुकानांत यावें म्हणून माणसें गयावया करतात. काय रे, कोणाचा हात?"

श्रीहरीनं कालवलेला भात पुन्हा कालवला.

"वचन दिलेंय, अक्का."

"या मुलीची नोकरी जाते. आणि नांव जातें. तुझें वचन मोठें कीं हें?"

त्यानं अर्चनाकडे पाहिलं. नोकरी जाते आहे हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तो आपला माल संपल्याच्या आनंदात होता.

"कीर्तीमॅडमचा," तो म्हणाला. "मालकांच्या घरची लक्ष्मी. त्यांच्याहून शुभ हात कोणाचा? मी दार उघडलें कीं त्यांना मेसेज करतों. त्या एक बाटली घेतात. त्यांनाही गंमत वाटते. म्हणाल्या, कोणाला सांगूं नको, हे हसतील."

अर्चनाच्या हातातला घास तसाच राहिला. कीर्तीवहिनी! दर दिवाळीला चौघांना मिठाईचा डबा पाठवणाऱ्या. श्रीहरीखेरीज दार केव्हा उघडतं हे नेमकं माहीत असलेलं जगातलं एकमेव माणूस.

"म्हणजे साठ बाटल्या कीर्तीवहिनींनी..."

"थांब," अक्का म्हणाल्या. "आतां कुलपाचें सांग. श्रीहरी, 'दोनच बाटल्या' हें कुलूप केव्हां लागतें?"

"मालक लावतात. माल वेबसाइटवर चढवला कीं त्याच वेळीं लावतात. आदल्या दिवशीं."

"नेहमीं?"

"नेहमीं. म्हणून तर मी दार थोडें आधीं उघडूं शकतों. कुलूप असतेंच." तो बोलता बोलता थांबला. वाटी खाली ठेवली. "पण या वेळीं नव्हतें. असतें तर पाईकला दोनच मिळाल्या असत्या."

"उन्मेषसर म्हणाले ना," अर्चना सावकाश म्हणाली, "कुलूप साडेदहाला लागणार होतं."

सांबार निवत होतं.

"बाई," अक्का म्हणाल्या, "चोराला दोन गोष्टी ठाऊक हव्या. दार आधीं उघडतें, ही एक. या खेपेस कुलूप उशिरां लागतें, ही दुसरी. तुला दोन्ही ठाऊक नव्हत्या. श्रीहरीला पहिली ठाऊक. त्या दगडवाल्या शार्दूलला आणि मांजरवाल्या देविकेला कुलपाचें कांहींच ठाऊक नाही. आणि कीर्तीला किल्ली कोण देतो?"

"सर कुणालाच देत नाहीत."

"मग दोन्ही गोष्टी ज्या घरांत एकत्र झाल्या, त्या घरीं जाऊं. त्यांतला कोण, तें तिथेंच कळेल."

"पण अक्का, पुरावा काय? ते म्हणतील, वेळ टाकताना चूक झाली. आणि वहिनी त्यांच्या बायको आहेत. त्या का सांगतील?"

"चोराला सांगायला लाज वाटते," अक्का म्हणाल्या, "आणि ज्याला चोरी झाली हेंच ठाऊक नाही, तो सगळें सांगतो. ती कोण आहे, तें पाहूं. आणखी भात घे."

रात्रभर अर्चनाला झोप लागली नाही. वहिनी कोण निघणार यावर तिचं नाव टांगलेलं होतं.

५

सोमवारी सकाळी पडद्यावर उन्मेष आला. मागे भिंतीवर सूर्यास्ताचं चित्र. इकडे चौघं ऑफिसवाले आणि मधे मोडक्या खुर्चीत अक्का.

"या कोण?"

"माझ्या घरमालकीण, सर. बँकेच्या तपासणी खात्यात होत्या."

"अच्छा, तपास लावलाय!" उन्मेष हसला. "लावा. कोण मग? नाव सांग, अर्चना."

"सांगते, सर." "दार श्रीहरीनं उघडलं. राहुकाळाच्या आधी आरंभ व्हावा म्हणून. दर शुक्रवारी उघडतो."

शार्दूलच्या तोंडून "कापूर सर!" असं निघून गेलं. श्रीहरी उभा राहिला आणि शिक्षेची वाट बघू लागला.

उन्मेषनं कपाळाला हात लावला. हात लावायला त्याला किंचित उशीर झाला, असं अर्चनाला वाटलं. "राहुकाळ! दोन हजार कोसांवरून मी धंदा चालवतो, आणि हे पंचांग बघतात! श्रीहरी, तू आजपासून कामावर नाहीस. आणि अर्चना, तुझ्या नाकाखाली हे चाललं, तेव्हा तूही. झालं, संपलं प्रकरण."

"एक राहिलें," अक्का म्हणाल्या. "मी तंजावूरची, साहेब. मालकिणीच्या हाताला मला नमस्कार करायचा आहे. इतका गुणी हात मी ऐकला नाही. त्या आहेत कां घरीं?"

"कीर्ती? तिचा काय संबंध?"

"सूनबाईंना नमस्कार करायास संबंध कशास लागतो?"

उन्मेष काही बोलायच्या आत मागचं दार उघडलं आणि हातात चहाचा मग घेऊन कीर्तीच आत डोकावली. "माझं नाव घेतलं कुणी? अय्या, अर्चना! कशी आहेस?"

"कीर्ती, मीटिंग चालू आहे."

"नमस्कार, बाई," अक्का दोन्ही हात जोडून म्हणाल्या. "तुमच्या हाताची कीर्ती ऐकली. शुक्रवारची बोणी केलीत आणि साठच्या साठ बाटल्या साफ!"

कीर्ती हसली. श्रीहरीकडे तिनं डोळे वटारले, मग स्वतःच विरघळली. "सांगितलंस ना रे शेवटी! बरं झालं. पण या वेळचं श्रेय माझं नाही हं. श्रीहरीचा मेसेज आला तेव्हा मी ओट्याशी होते. यांनी स्वतःचा फोन कानाशी धरूनच माझा मागून घेतला. खुणेनंच सांगितलं, आज भवानी मी करतो. मी म्हटलं, तुम्हालाही कळलं तर! करा, एरवी माझ्यावर हसता ना, घ्या आता."

पलीकडे उन्मेष आणि अलीकडे पाच जण. नेटवर्क गेलं की काय म्हणून देविकानं पडद्यावरची खूण तपासली. नेटवर्क उत्तम होतं.

"वहिनी," अर्चनानं विचारलं. "वॉरन पाईक कोण?"

"वॉरन? यांच्या टेनिसमधला. का गं? त्यानं आणून टाकलेली खोकी चेन्नईला हवीत का? मग लवकर न्यायला सांगा बाई, गॅरेजमध्ये गाडी लावायला जागा नाही. शुक्रवारपासून मी गाडी उन्हात ठेवते आहे."

६

त्यानंतरच्या संभाषणात कीर्तीवहिनी फार बोलल्या नाहीत. त्यांनी चहाचा मग टेबलावर ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "उन्मेष, खोक्यांत काय आहे?" बस. मग त्या उठून गॅरेजमध्ये गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक बाटली होती. हॉबडेबाईचं नाव लिहिलेली.

उन्मेष बराच वेळ 'बाजारपेठ', 'मागणी' आणि 'दूरदृष्टी' या विषयांवर बोलला. म्हातारीला भाव कळत नाही. तिची वाईन पाचपट किमतीची आहे. आपण नाही घेतली तर दुसरा कुणी घेणारच. श्रीहरी दर शुक्रवारी दार आधी उघडतो, हे कीर्तीच्या फोनवर त्यानं महिन्यापूर्वीच पाहिलं होतं. कुलपाची वेळ तेवढी त्यानं बदलली आणि श्रीहरीचा मेसेज येताच पाईकला कळवलं. दार चेन्नईनं उघडलेलं, लॉगिन अर्चनाचं, आणि अर्चना फोनवर खुर्च्यांच्या भानगडीत.

"चोरी म्हणता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पैसे पूर्ण भरलेत."

"आणि माझी नोकरी?" अर्चनानं विचारलं. "ती कुणाच्या हिशेबात भरली?"

उत्तर कीर्तीनं दिलं. कंपनीत निम्मी भागीदार तीच होती, ही गोष्ट उन्मेष सोडून सगळ्यांच्या लक्षात होती.

"खोकी आजच गोदामात परत. त्या पाचपटवाल्या वेबसाइटवरची विक्री बंद. बाटल्या लोकांना बाईंच्या भावानं, घरटी दोनच. श्रीहरी कामावर राहील, आणि अर्चना, कुलपाची किल्ली यापुढे तुझ्याकडे."

"एवढं पुरणार नाही, वहिनी," अर्चना म्हणाली. शुक्रवारी फोनवर नुसतं 'सर! सर!' करणारी बाई ती हीच का, असा देविकाला प्रश्न पडला. "सरांनी हॉबडेबाईंना सांगितलंय की चेन्नईच्या मॅनेजरनं घोटाळा केला. आता त्यांनीच सांगायचं, कुणी केला. माझ्यासमोर. आत्ता."

उन्मेषनं बायकोकडे पाहिलं. बायको बाटलीवरचं लेबल वाचत होती.

त्यानं फोन लावला. डोंगरउतारावरच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात घंटा वाजली, आणि एका करकरीत आवाजानं "हॅलो" म्हटलं. आयुष्यात कधी इतकं सोपं इंग्रजी उन्मेष बोलला नसेल. तीन वाक्यं होती. तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज बसला. पलीकडून म्हातारी जे बोलली त्यातलं अर्धं चेन्नईला कळलं नाही, पण शार्दूलनं नंतर सांगितलं की त्यात दगड आणि चामडं दोन्ही होतं. शेवटी तिनं अर्चनाला फोनवर मागितलं, नाव दोनदा विचारून नीट म्हणून पाहिलं, माफी मागितली, आणि म्हणाली, पुढच्या वर्षी माझ्याशी बोलायचं असेल तर तू बोल.

फोन ठेवल्यावर उन्मेषनं रुमालानं मान पुसली.

"झालं समाधान?" तो म्हणाला. मग घाईघाईनं सावरलं. "म्हणजे, तुमचं समाधान झालं ना, अर्चनाताई? तुम्ही म्हणाल तसंच होईल इथून पुढे."

पडदा काळा झाला. ऑफिसात एकदम गलका उसळला. देविकानं पर्थला बातमी कळवली. शार्दूलनं श्रीहरीची माफी मागितली आणि जाता जाता विचारून घेतलं की नवी नोकरी धरायची तर आठवड्यातला कोणता वार बरा. अर्चना खुर्चीत मागे टेकली. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"ऐकलंत, अक्का? दोन वर्षं 'अगं', 'तू', 'ए अर्चना'. आज चक्क 'तुम्ही'. 'ताई'सुद्धा!"

अक्का पिशवी उचलून उठल्या होत्या. त्या दारात थांबल्या.

"'तू' म्हणणारा मालक रागावतो, अर्चने," त्या म्हणाल्या. "'तुम्ही' म्हणणारा वकील शोधतो. मागच्या दोन वर्षांत केलेल्या कामाचे जे पुरावे घरीं न्यायचे आहेत ते आजच ने. आणि त्या म्हातारीचा नंबर ऑफिसच्या मोबाइलमधें नको ठेवूं, पाठ कर."

अर्चनाचं हसू मावळलं नाही, पण ते जरा सावध झालं. तिनं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत एक एक आकडा म्हणू लागली.